शेवटच्या बसची वेळ

दि. ९ जून

ती. सासूबाई यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. गुडघ्याचं तेल संपल्याचं लिहिलंत, म्हणून दोन बाटल्या पाठवल्या आहेत. खालची कवळी टोचते असंही लिहिलंत. जिथे टोचते तिथे कवळीवर पेन्सिलीने बारीक फुली मारा, ओल्या फडक्यात गुंडाळा आणि डबीत घालून पाठवा. मी लॅबमध्ये घासून आठवड्यात परत पाठवीन. मधले दिवस मऊ खावं लागेल.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. आमचे मालक लॅब दुसरीकडे नेणार आहेत आणि ही इमारत विकणार आहेत. लॅबच्या वरची माझी खोली त्यात गेलीच. ऑक्टोबरअखेर रिकामी करायची आहे. मी एक घर बघितलं आहे. तळमजल्यावर दोन खोल्या आहेत, स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आहे. उत्तरेचा उजेड दातांचा रंग जुळवायला चांगला. माझ्यासारख्याला बँक एरवी दारात उभं करणार नाही, पण एक सरकारी योजना आहे. बँक कर्ज देते आणि सरकार जामीन राहतं. योजना मूळची पहिलं घर घेणाऱ्यांसाठी. मात्र ज्याचं पूर्वी घर होतं, पण गेल्या तीन वर्षांत नव्हतं, त्यालाही तीत बसता येतं. आमचं घर तुमच्या लेकीच्या उपचारासाठी विकलं त्याला मार्चमध्ये चार वर्षं झाली, तेव्हा अडचण येऊ नये.

विक्रीचा कागद तुमच्याकडे तिच्या पत्र्याच्या पेटीत असावा. कागदपत्रं तीच बघायची. ती पेन्सिलीने फुली मारायची आणि मी फुलीवर सही करायचो, एवढाच माझा त्यात भाग. सवडीने शोधून पाठवाल का? घाई नाही. म्हणजे, थोडी आहे. घरमालक सप्टेंबरच्या मध्यापर्यंत थांबायला तयार आहेत.

कळावे. आहे ती माया असू द्यावी.

आपला,
जावई


दि. १६ जून

चि. जावईबापूंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कागद सोबत आहे. पेटीत वरच्या वर होता, निळ्या पाकिटात. माऊने पाकिटावर 'घर' असं लिहून ठेवलंय. तुमची ती मालकीण आजारपणातसुद्धा पाकिटांवर नावं घालत बसायची.

घराचं वाचून फार बरं वाटलं. विकलं त्या दिवशी ती इथे येऊन ढसाढसा रडली होती, तुम्हाला सांगितलं नसेल. मग तोंड धुतलं आणि म्हणाली, आई, दुसरं घेऊ, त्यात काय. तेव्हा आता दुसरं घ्याच.

दात पाठवले आहेत. ते येईपर्यंत मला कोणाशी नीट भांडता येणार नाही, म्हणून जरा चटचट हात चालवा. शिंप्याकडची काजं करायला घेते तेव्हा दोरा तोडायलासुद्धा आता कात्री शोधावी लागते.

एक तक्रार आहेच. एप्रिलमध्ये आलात, दीड तास बसलात, त्यात सहा वेळा घड्याळ बघितलंत. मी मोजलं. चहा घशाखाली उतरला नाही तोच शेवटची बस, शेवटची बस. अठरा वर्षं झाली जावई होऊन, एक रात्र माझ्याकडे पाठ टेकली नाहीत. ती बस आहे की माझी सवत, हेच मला कळत नाही. असो. म्हातारीचं बोलणं मनावर घेऊ नका. थोडं घ्या.

जेवणाची आबाळ करू नका. विसरता म्हणून लिहिते, विसरू नका.

तुमची,
सासू


दि. ४ जुलै

ती. सासूबाई यांस,
सा. न. वि. वि.

कवळी पोहोचली असेल. डावीकडे किंचित उंच राहिली होती, चूक माझीच.

कर्जाच्या कामात एक गोष्ट निघाली आहे. कशी लिहावी कळत नाही, म्हणून जशी झाली तशी लिहितो. कर्जखात्यातल्या बाईंनी माझं नाव सरकारी नोंदीत शोधलं. आमचं जुनं घर विकल्याचं त्यांना दिसलं. पण त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि विचारलं की हे दुसरं घर कोणाचं. पत्ता तुमचा होता. मालक म्हणून तीन नावं आहेत. पहिलं तुमचं, दुसरं तिचं आणि तिसरं माझं. नोंद नऊ वर्षांपूर्वीची आहे.

मी म्हटलं, चूक असेल. त्यांनी सही दाखवली. सही माझीच आहे, आणि शेजारी पुसलेल्या फुलीचा डागही आहे.

तुमच्या भाड्याच्या खोल्या मालकीच्या झाल्या तेव्हा तिने एक कागद पुढे केला होता, हे आठवतं. मी न वाचता सही केली. तुमच्या घरावर माझा काडीचाही हक्क नाही आणि तसं माझ्या मनात कधी आलं नाही, हे आधी सांगतो. तुम्हाला हे ठाऊक नसेल तर कृपा करून गैरसमज करून घेऊ नका. नाव काढून टाकायला मी केव्हाही तयार आहे. मात्र बाई म्हणाल्या की नाव काढलं तर त्या दिवसापासून तीन वर्षं मोजायची. म्हणजे हे घर हातचं जाईल. गेलं तर गेलं, दुसरी खोली बघेन. तुम्ही सांगाल तसं करू.

मनात काही आणू नये, एवढंच मागणं.

आपला,
जावई


दि. ९ जुलै

जावईबापूंस आशीर्वाद.

म्हणजे तुम्हाला ठाऊकच नव्हतं!

मी तुमचं पत्र वाचलं आणि हातातलं काज तसंच टाकून बसून राहिले. नऊ वर्षं मी धरून चालले आहे की तुम्हाला माहीत आहे. माऊने नावं घालताना मला विचारलं होतं. मी म्हटलं, घाल, माझ्यामागे कोण आहे? ती म्हणाली, त्याला सांगते. तिने सांगितलं असणार असंच मी समजले. आता कळतंय, तिने फक्त फुली मारली.

खरं सांगते, मला ते फार लागून राहिलं होतं. घरावर माणसाचं नाव आहे आणि तरी तो इथे रात्र काढत नाही. माझ्या दोन खोल्या तुमच्या पाठीला अरुंद पडतात, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. शेजारपाजारी विचारायचे, जावई थांबले नाहीत? मी म्हणायची, त्यांना काम असतं. नऊ वर्षं तुमच्या वतीने खोटं बोलले, त्याचं पाप निम्मं तुमच्या माथी.

नाव काढायचं तर उद्या काढू. वकील शोधा, मी अंगठा नाही, चांगली सही करते. पण मला विचाराल तर, कधीमधी मी तो कागद काढून बघते. तिघांची नावं एकाखाली एक आहेत. आता तशी ती दुसरीकडे कुठे सापडायची?

बघा काय करायचं ते. रागावलेली नाही.

सासू


दि. १५ जुलै

ती. सासूबाई यांस,
सा. न. वि. वि.

नाव काढायचं नाही असं मी ठरवलं आहे. तुम्ही कागद काढून बघता हे वाचल्यावर ते माझ्याच्याने होणार नाही.

मी पुन्हा बाईंकडे गेलो आणि नियम नीट समजून घेतला. नियमात 'राहतं घर' असा शब्द आहे. नुसतं नाव असलं पण गेल्या तीन वर्षांत माणूस तिथे राहिला नसेल, तर ते घर त्याच्या नावे मोजत नाहीत. मात्र तसं लेखी लागतं. त्या घरात राहणाऱ्याने, म्हणजे तुम्ही, लिहून द्यायचं की मी तिथे राहिलो नाही, मुक्काम केला नाही. आणि एका शेजाऱ्याची साक्ष. खालचे मास्तर देतील असं वाटतं. ज्या गोष्टीसाठी तुम्ही मला अठरा वर्षं बोलत आलात तीच आता तुमच्याकडून सहीनिशी मागायची, याची मला लाज वाटते.

म्हणून एक सांगून टाकतो. लग्नानंतर पहिल्यांदा आलो तेव्हा तुमच्याकडे एकच पलंग होता. दिवेलागणीला तुम्ही स्वतःचं अंथरूण गुंडाळून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलेलं मी पाहिलं. खालची फरशी गार होती आणि तेव्हाही तुमची कंबर धरलेली असायची. मी उठलो आणि बस गाठली. तिथे निजू नका म्हणालो असतो तर तुम्ही ऐकलं नसतं, आणि फरशीचं बोललो असतो तर तुम्हाला कमीपणा वाटला असता. म्हणून दर वेळी बसच पकडत गेलो. खोल्या अरुंद असल्याचं माझ्या मनात कधीही आलं नाही.

सवडीने लिहून पाठवावं. लोभात अंतर नसावं.

आपला,
जावई


दि. २२ जुलै

चि. जावईबापूंस,
अनेक आशीर्वाद.

काय माणूस आहात! गार फरशी! अठरा वर्षांत एकदा तोंड उघडलं असतंत तर मी दुसऱ्या दिवशी खाट आणली असती. मी इथे अपमान गिळत बसले आणि तुम्ही तिथे माझी कंबर सांभाळत बसलात. माऊ म्हणायची तेच खरं, तुमच्या पोटातलं बाहेर काढायला पक्कड लागते, आणि ती तुमच्याच दुकानात असते.

लिहून द्यायला बसले. मास्तरांना वर बोलावलं. चित्रं शिकवायचे ना, अक्षर मोत्यासारखं आहे, म्हणून कच्चा मसुदा त्यांनीच केला. 'माझे जावई माझ्या घरी एकही रात्र राहिलेले नाहीत.' मी पेन उचललं आणि थांबले. सरकारी कागदावर खोटं लिहिणार नाही. लिहिलं आणि पुढे कोणी बोललं तर तुमचं घर जाईल.

तुम्हाला वाटतं मला ठाऊक नाही. ठाऊक आहे.

अडीच वर्षांपूर्वी, शेवटच्या दिवसांत माऊ इथे होती. तुम्ही रोज लॅब सुटली की यायचात, तिचे पाय दाबायचात, मग 'बसची वेळ झाली' म्हणून उठायचात. एका बुधवारी तुम्ही गेल्यावर मी दाराला कडी लावायला गेले आणि भोकातून बघितलं. तुम्ही जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला होतात, डबा मांडीवर, भिंतीला टेकून. मला वाटलं, दमलात, जाल. तासाने बघितलं तरी तिथेच.

मी दार उघडायला गेले तर माऊने आतून हाक मारली. म्हणाली, आई, बोलावू नकोस. बोलावलंस तर उद्यापासून तो खरंच बस पकडेल.

तिचा पलंग जिन्याच्या भिंतीला लागून होता. तिला तुमचा खोकला ऐकू यायचा. तुम्ही खोकलात की ती भिंतीवर तळवा ठेवायची आणि माझ्याकडे बघून हसायची. म्हणायची, आहे. दुखणं वाढलं तेव्हा औषधाने झोप लागायची नाही, पण तुमचा खोकला ऐकला की लागायची. अशा अकरा रात्री. शेवटच्या रात्रीही तळवा भिंतीवरच होता.

तिने मला शपथ घातली होती की तुम्हाला सांगायचं नाही. तुम्हाला अवघडल्यासारखं होईल म्हणून. मी आज मोडली. ती असती तर एवढ्यासाठी मला माफ करती. घराचं काम आहे.

तेव्हा आता तुमच्या त्या बाईंना विचारा, जिन्यावर बसलेला माणूस घरात राहिला असं धरतात का. काय म्हणतात ते कळवा, मी तसं लिहीन. खरं तेच लिहीन.

थंडी नसली तरी कान बांधत जा.

तुमची,
सासू


दि. २९ जुलै

ती. आईंस,
सा. न.

तुमचं पत्र मिळालं. त्यावर मला काही लिहिता येत नाही. लिहिता येईल तेव्हा लिहीन.

कामाचं सांगतो. मी ते पत्र घेऊन कर्जखात्यात गेलो. लपवायचं नव्हतं. बाईंनी तेवढा भाग वाचला, चष्मा काढला आणि पत्र घेऊन आत साहेबांकडे गेल्या. मी बाकावर बसून होतो. अर्ज गेला असंच मी मनात धरलं होतं. परत येऊन त्यांनी तीन प्रश्न विचारले. तुमच्या घराची किल्ली माझ्याकडे होती का. नाही. कपडे, अंथरूण तिथे होतं का. नाही. माझी पत्रं तिथे यायची का. नाही. मग म्हणाल्या, जिना सगळ्या इमारतीचा असतो, तो घरात धरत नाहीत. पण जे झालं ते निवेदनात स्पष्ट लिहावं, म्हणजे पुढे कोणी बोट ठेवणार नाही. पत्र परत देताना म्हणाल्या की हे जपून ठेवा, आमच्या फाइलीला नको.

एक दुरुस्ती करावी लागेल. रात्री अकरा नव्हत्या, बारा होत्या. आदल्या मंगळवारीही मी तिथेच होतो. त्या दिवशी तुम्ही कडी लवकर लावलीत.

मला वाटायचं तिला कळत नाही.

जावई


दि. ३ ऑगस्ट

चि. जावईबापूंस,
आशीर्वाद.

निवेदन सोबत आहे. मजकूर तुम्हालाही ठाऊक असावा म्हणून उतरवते.

'मी खाली सही करणार लिहून देते की, माझे जावई हे माझ्या घराचे नावापुरते सहमालक असून गेल्या तीन वर्षांत, किंबहुना अठरा वर्षांत, त्यांनी माझ्या घरी मुक्काम केलेला नाही. माझी मुलगी आजारी असताना ते बारा रात्री इमारतीच्या जिन्यावर तिसऱ्या पायरीवर बसून होते. त्या रात्री एकदा बाहेर पडल्यावर ते पुन्हा माझ्या दाराच्या आत आले नाहीत, कारण त्यांना कोणी बोलावले नाही. त्याबद्दल मला वाईट वाटते.'

शेवटचं वाक्य काढा असं मास्तर म्हणाले. मी म्हटलं, खरं लिहायचं ना? मग राहू दे.

सही करताना मास्तर म्हणाले, आयुष्यात पुष्कळ साक्षी दिल्या, पण माणूस कुठे राहिला नाही याची साक्ष पहिलीच. मग टोपी फिरवत बसले आणि म्हणाले, त्या दिवसांत जिन्यातला दिवा मी मुद्दाम मालवत नव्हतो. बघा. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे गप्प. तुम्ही एकटेच घुमे आहात असं मी समजत होते, इथे तर अख्खी इमारत तुमची भाऊबंद निघाली.

आता एक बजावते. निकाल लागेपर्यंत इकडे फिरकू नका. खुर्चीत डुलकी लागली तरी मुक्काम धरतील, आणि मला नवीन कागद करावा लागेल. मास्तरांच्या शाईचा खर्च कोण देणार?

तुमचं भलं होवो.

सासू


दि. १२ सप्टेंबर

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

कर्ज मंजूर झालं. काल पत्र आलं. किल्ली ५ ऑक्टोबरला मिळेल.

काल संध्याकाळी मी घर पुन्हा बघून आलो. रिकामं घर मोठं वाटतं. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी माझं टेबल बसेल. आतल्या खोलीत दोन खाटा मावतात, मी पावलांनी मोजलं. बाहेरच्या खोलीत आणखी एक मावते. तळमजला असल्यामुळे एकही पायरी नाही. घर बघायला लागलो तेव्हापासून तळमजलाच बघत होतो. कारण तेव्हा लिहिलं नव्हतं, आता लिहितो. तुम्ही यावं. चार दिवस या, आवडलं तर जास्त राहा. काजं करायला खिडकीचा उजेड दोघांना पुरेल.

तुमच्या घरावरचं माझं नाव आहे तसं राहू द्यावं.

तुमच्या त्या पत्राबद्दल अजून काही लिहिता आलेलं नाही. हल्ली मला झोप बरी लागते, एवढं सांगतो.

आपला,
जावई


दि. १७ सप्टेंबर

चि. जावईबापूंस,
पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद.

तुमचं पत्र मास्तरांना वाचून दाखवलं. त्यांनी उभं राहून टाळी वाजवली, एकच, मग लाजून खाली गेले.

येईन. लोक म्हणतील, मुलगी नाही आणि म्हातारी जावयाकडे राहायला चालली. म्हणू देत. मी त्यांना जावयाने केलेले दात दाखवीन.

पण अट आहे. मी तुमच्याकडे यायच्या आधी तुम्ही माझ्याकडे राहायचं. आत. दाराच्या अलीकडे. मी घडीची खाट आणली आहे, माझ्यासाठी, म्हणजे फरशीची सबब चालणार नाही. तुम्ही भिंतीकडच्या पलंगावर निजायचं. आता कोणत्याही कागदाला हरकत नाही, मी मास्तरांना विचारून खात्री केली.

काय ते लगेच कळवा. नाही म्हणायचं असेल तर कळवू नका.

तुमची,
आई


दि. २२ सप्टेंबर

ती. आईस,
सा. न.

शनिवारी लॅब सुटली की निघतो. पांघरूण माझं आणतो, उशी तिथली चालेल. खोकला अजून आहे, तुमची झोपमोड होईल, ती सोसावी.

शेवटच्या बसची वेळ विचारलेली नाही.

तुझा